साळवे सिस्टरांचा नाताळ

नेरूळच्या त्या सोसायटीत पुतळा साळवे यांना बरीच वर्षं कोणी ख्रिस्ती समजलंच नाही. नाव पुतळा, आडनाव साळवे, बोलणं राहुरीकडचं, नेसण सुती पातळाचं. कपाळाला टिकली नसायची, पण ड्यूटीवरून दमून आलेल्या नर्सच्या कपाळाकडे कोण बघतंय! गणपतीची वर्गणी त्या देत, हळदीकुंकवाला बोलावलं तर जाऊन बसत. मग एका डिसेंबरात त्यांचे यजमान जयप्रकाश यांनी गॅलरीत मोठी कागदी चांदणी टांगली, आत बल्ब सोडला, आणि दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या बाईंनी पुतळाबाईंना जिन्यातच गाठलं.

"अय्या, तुम्ही त्यातले? मग केक कुठाय?"

पुतळाबाईंना केक करता येत नव्हता. त्यांच्या गावात नाताळला केक नसे. पहाटे चर्चचे पाळकसाहेब कंदील घेऊन पुढे आणि टाळ-मृदंगवाली मंडळी मागे, अशी गाणी म्हणत घरोघर फिरत. दारोदार गुळाचा चहा मिळे, दुपारी मटणाचा रस्सा आणि डब्यातल्या करंज्या. संध्याकाळी पुन्हा गोठ्यातलं शेण काढायचं असेच. केक त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो नर्सिंगच्या होस्टेलवर. पण आता मागणी आलीच होती, तेव्हा कुकरच्या तळाला वाळू पसरून, शिट्टी काढून, त्यांनी केक करायला शिकून घेतलं. पहिल्या वर्षी मजल्यावरच्या घरांना दिला. पुढे सगळ्या विंगला. मग दवाखान्यातल्या डॉक्टरांना, क्लार्कला, वॉर्डबॉयना. कोणाला राहिला तर तो महिनाभर आठवण करून देई.

जयप्रकाशांना हे सगळं आवडे. ते न्हावा शेवाच्या एका कस्टम एजंटाकडे कारकून होते. त्यांचा नाताळ गणपतीच्या आधीच सुरू होई. तेव्हापासूनच कंटेनर उघडत, आणि आतून प्लॅस्टिकची झाडं, लाल टोप्या, चकचकीत गोळे, दिव्यांच्या माळा निघत. फुटक्या खोक्यांतला माल मालक नोकरांत वाटून टाकी. जयप्रकाश तो पिशव्या भरभरून घरी आणत. दोन खोल्यांच्या त्या सिडकोच्या घरात छताला टेकेल असं झाड उभं राही, खिडक्यांना नवे पडदे येत, दारावर घंट्या लागत. झाडाचे हिरवे प्लॅस्टिकचे काटे पुतळाबाई होळीपर्यंत केरात गोळा करत. लहानगा शौनक मात्र त्या झाडाखाली चटई टाकून पडून राही आणि दिव्यांची उघडझाप बघता बघता झोपी जाई.

शौनक पाच-सहा वर्षांचा असेल, तेव्हाची गोष्ट. पुतळाबाईंची नेमणूक त्या वेळी उरणच्या एका दवाखान्यात होती. नाताळची रजा त्यांनी मागून ठेवली होती, जयप्रकाशांनी ऑफिसातल्या लोकांना जेवायला बोलावलं होतं. पण ऐन वेळी एक नर्स बाळंतपणाच्या रजेवर गेली, दुसरीला टायफॉइड झाला, आणि सकाळच्या पाळीला साळवे सिस्टरांचं नाव लागलं. घरी भांडण झालं. करंज्या अर्ध्या तळून झाल्या होत्या. उरलेलं पीठ आणि सारण शेजारणीच्या हवाली करून त्या उरणची बस पकडून गेल्या, आणि वाटभर त्यांचं तोंड फुगलेलं होतं.

त्या दिवशी मिठागराकडच्या एका गावातून एक बाई टेम्पोत घालून आणली होती. नाव गिरजाबाई. पहिलटकरीण. पोटातलं मूल आदल्या दिवसापासून हललं नव्हतं, आणि ते का, हे डॉक्टरांनी तपासल्याबरोबर सगळ्यांना कळलं. दुपारी ती मोकळी झाली. मुलगा होता. नवरा धर्मा मुलाला फडक्यात गुंडाळून घेऊन गेला. गिरजाबाई रडली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

पुतळाबाईंची पाळी संपली. पुढच्या पाळीची नर्स आली, तिला त्यांनी सगळं समजावून सांगितलं, पर्स उचलली. जाता जाता सवयीनं खाटेशी थांबून नाडी बघितली. तेव्हा गिरजाबाईनं त्यांचं मनगट धरलं.

"जराशी बस गो."

पुतळाबाई स्टुलावर बसल्या. अशा वेळी म्हणायची चार वाक्यं नर्सला पाठ असतात, पण ती कुठे गेली कोण जाणे. गिरजाबाईनं हात सोडला नाही. खिडकीतून खारा वारा येत होता. कोणीतरी चहा आणून ठेवला, तो तसाच निवला. उन्हं खाली आली, धर्मा परत आला आणि दाराशी उकिडवा बसला, तेव्हा पुतळाबाई उठल्या.

घरी पोचल्या तर पाहुणे जेवून गेले होते. जयप्रकाशांनी खरकटी ताटं तशीच ठेवली होती. रागावले की ते तसं करत. पुतळाबाईंनी पदर खोचला आणि भांडी घासायला बसल्या. घासता घासता त्यांच्या ध्यानात आलं की दुपारपासून आज सण आहे याची त्यांना आठवणसुद्धा राहिली नव्हती. आणि सकाळचा तो रुसवाही कुठे उरला नव्हता. याचं काय करायचं ते त्यांना समजलं नाही. त्यांनी ताटं पुसून मांडणीवर लावली.

पुढच्या वर्षी त्याच दिवशी त्या गिरजाबाईला बघायला तिच्या गावी गेल्या. सोबत करंज्यांचा डबा. त्याच्या पुढच्या वर्षी गेल्या तेव्हा गिरजाबाईच्या मांडीवर मुलगी होती, अर्पिता. नंतर बदली पनवेलला झाली, मग आणखी कुठे, पुढे निवृत्तीही झाली, पण पंचवीस डिसेंबरच्या दुपारी उरणला जायचं थांबलं नाही. "जुनी पेशंट आहे," एवढंच त्या घरी सांगत. सणाच्या गडबडीत त्यापुढे कोणी विचारतही नसे.

जयप्रकाश गेले ते एका पावसाळ्यात, छातीत कळ येऊन. त्या वर्षी सुतकाचं म्हणून झाड काढलं नाही. केकही केला नाही, आणि लोकांनी तो मागितला नाही. दुसऱ्या वर्षी झाड काढायला माळ्यावर चढायचं तर कंबर धरलेली होती. तिसऱ्या वर्षी कंबर ठीक होती, पण त्यांना माळ्याकडे बघावंसं वाटलं नाही. खोकं त्यांनी बालवाडीला देऊन टाकलं. तळमजल्यावरच्या बाई काही दिवस नाराज होत्या. मग कोपऱ्यावर केकचं मोठं दुकान निघालं आणि त्यांची नाराजी ओसरली. असं करत करत पुतळाबाईंचा नाताळ एवढाच उरला: सकाळी शाळेच्या हॉलमध्ये मराठी ख्रिस्ती मंडळीची उपासना, करंज्यांचा एक डबा, आणि उरण. कमी करायचं असं त्यांनी कधी ठरवलं नव्हतं.

शौनकचा नाताळ मात्र वाढत गेला. झाडाखाली झोपणारा तो मुलगा मोठा होऊन इव्हेंटच्या धंद्यात पडला. मॉलमध्ये चार मजली झाडं उभारणं, बर्फाची घरं, सांताची गाडी, सेल्फीचे कोपरे, हे त्याचं काम. नाताळला तो 'सीझन' म्हणे. दिवाळीचे दिवे उतरले की सीझन लागे, आणि एकतीस डिसेंबरनंतर तो दोन दिवस नुसता झोपून काढी. वयाची तिशी आली होती. लग्नाचं काढलं की म्हणे, "सीझन जाऊ दे, मग बघू."

"आई, या वर्षी आल्प्सची थीम आहे," नोव्हेंबरात तो जेवता जेवता म्हणाला.

"म्हणजे काय?"

"डोंगर, बर्फ. वरून स्नो पडणार, रोज संध्याकाळी."

"नेरूळात?"

"म्हणून तर लोक येणार ना."

पुतळाबाईंनी त्याच्या पानात आणखी एक भाकरी वाढली.

नाताळ चार-पाच दिवसांवर आला असताना शौनक शिडीवरून पडला. मॉलमधल्या सांताच्या हरणाच्या शिंगाला चांदणीची वायर बांधत होता, शिडी सरकली. घोट्याचं हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर घालून दोन पोरांनी त्याला धरून वर आणलं. पुतळाबाईंनी पाय बघितला, बोटांचा रंग बघितला, "बोटं हलव" म्हणाल्या, त्यानं हलवली. मग पायाखाली दोन उशा दिल्या आणि त्या कढी टाकायला आत गेल्या.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मुलगा डिसेंबरात घरी होता. पण त्याच्याबरोबर सीझनही घरी आला. दोन फोन, एक लॅपटॉप, आणि दिवसभर आरडाओरड. आपला मुलगा नेमकं काय करतो हे पुतळाबाईंना स्वयंपाकघरात बसून कळत गेलं. कुठे दिव्यांची माळ अर्धी जळत होती. कुठे क्लायंटला झाड 'अजून श्रीमंत' दिसायला हवं होतं. एका सांतानं काम सोडलं, दुसरा मिळाला तो बारीक होता.

"उशी बांध त्याच्या पोटाला!" शौनक ओरडत होता. "आणि त्याला सांग, दाढी काढून तंबाखू मळू नको, पोरं बघतायत!"

पुतळाबाईंना हसू आलं, पण त्याचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं. तो रात्री झोपत नव्हता. भिंतीला टेकून फोनकडे बघत बसे. त्याच्या डोळ्यांखाली काळं साचलं होतं. औषधाची गोळी त्या समोर उभं राहून गिळायला लावत, तेवढाच वेळ तो गप्प असे.

नाताळच्या सकाळी त्या उपासनेला जाऊन आल्या. शौनक तसाच बसला होता, कालच्या कपड्यांत. त्यांनी त्याला चहा-करंजी दिली, डबा भरला आणि पिशवी घेतली.

"कुठे निघालीस?"

"उरणला."

"आज? सणाच्या दिवशी?"

"दर वर्षी जाते."

शौनकनं फोन खाली ठेवला. ही गोष्ट त्याच्या ध्यानातच राहिली नव्हती; लहानपणी सणाची गडबड असे, आणि पुढे इतकी वर्षं या वेळेला तो घरी नसेच. समोरच्या इमारतीत कोणीतरी तीच ती इंग्रजी गाणी सकाळपासून मोठ्यानं लावली होती.

"मी येऊ का?" तो म्हणाला. "इथे डोकं फुटेल माझं."

पुतळाबाईंनी प्लॅस्टरकडे बघितलं. "गाडी करावी लागेल. पाय खाली सोडायचा नाही."

एरवी त्या उरणच्या गाडीनं जात. त्या दिवशी टॅक्सी केली. मागच्या सीटवर शौनक पाय लांब करून बसला, पुढे त्या डबा मांडीवर घेऊन. बंदराच्या रस्त्याला कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागलेली होती, तिला सणवार नव्हता. शौनक वाटभर फोनवर बोलत होता. फोन ठेवला तेव्हा त्यानं विचारलं,

"कोण आहेत या बाई?"

"माझी पेशंट होती. पंचवीस तारखेला तिचं पहिलं मूल मेलेलं जन्मलं. मी ड्यूटीवर होते."

शौनकला पुढचं वाक्य येईल असं वाटलं. पण पुतळाबाई ड्रायव्हरला वळण दाखवू लागल्या.

गिरजाबाईचं घर आता पक्कं होतं, वर पत्र्याची शेड. अर्पिता लग्न होऊन पनवेलला गेली होती. धर्माला ऐकू येत नसे. तो ओटीवर बसून रस्त्याकडे बघत असे. अंगणात ताडपत्रीवर सुका जवळा, बारीक कोळंबीची सुकट, पसरलेला होता आणि गिरजाबाई त्यातला कचरा वेचत होती. गुडघे गेल्यामुळे ती उठली नाही, नुसती मान वर केली.

"आयलीस गो शिष्टर? आनि यो कोन? तुजा पोर? पायाला काय झाला त्याच्या?"

"पडला. चांदणी लावताना."

"घरान?"

"नाही. दुकानात."

"दुकानान कसाला चांदनी?" असं म्हणून गिरजाबाईनं धर्माला हातानं खूण केली. त्यानं आतून खाट आणून ओटीवर टाकली आणि पायाखाली घडी केलेली गोधडी ठेवली. शौनकनं "थँक्यू काका" म्हटलं, ते धर्माला ऐकू गेलं नाही.

तांदळाच्या भाकऱ्या, बोंबलाचं सुकं आणि कांदा, असं जेवण झालं. करंज्यांचा डबा गिरजाबाईनं उघडून बघितला, एक धर्माला दिली, एक स्वतः खाल्ली आणि बाकीचा आत ठेवून दिला. कोणी कोणाला शुभेच्छा दिल्या नाहीत. मग पुतळाबाई ताडपत्रीच्या कडेला बसल्या आणि जवळा वेचू लागल्या. दोघींमध्ये बोलणं झालं ते गुडघ्यांचं, अर्पिताच्या सासूचं आणि यंदा जवळा कमी लागला त्याचं.

शौनकचा फोन वाजला.

"बर्फ संपला म्हणजे?" तो ओरडला. "संध्याकाळचा शो आहे! काल किती उरला होता? अरे, मग कुठूनही आण!"

गिरजाबाईनं हात थांबवला. "काय संपला?"

"बर्फ," पुतळाबाई म्हणाल्या.

"यवरंच ना?" गिरजाबाई शौनककडे वळून म्हणाली. "करंजाला बंदरान कारखाना हाय बर्फाचा. माजा भाचा हाय तिथं. टेम्पो भरून देल. सांगू त्याला?"

शौनक फोन कानाला तसाच धरून तिच्याकडे बघत राहिला. मासळीवर घालायचा तो बर्फ. मॉलच्या चौथ्या मजल्यावरून लोकांच्या डोक्यात तो लाद्यालाद्यांनी पडतोय, असं काहीतरी त्याच्या डोळ्यांपुढे आलं असावं. त्याला हसू फुटलं. एकदा फुटलं ते थांबेना, प्लॅस्टरचा पाय हलू लागला, डोळ्यांत पाणी आलं. गिरजाबाईला कळेना, पण हसणारा माणूस बघून तीही हसली. धर्मानं ऐकू न येताच मान डोलावली.

"नको मावशी," तो शेवटी म्हणाला. "आमचा बर्फ साबणाचा असतो."

"साबनाचा? आनि त्याचा काय करतंव?"

शौनकनं सांगायला तोंड उघडलं आणि त्याला नीट सांगता येईना. वरून पाडतो, खाली लोक फोटो काढतात, मग सफाईवाले तो पुसून घेतात. गिरजाबाईनं सगळं ऐकून घेतलं. "बरा," म्हणाली आणि पुन्हा जवळा वेचू लागली.

थोड्या वेळानं पुतळाबाईंनी वळून बघितलं तर शौनक झोपला होता. तोंड उघडं, एक हात खाटेखाली लोंबकळणारा. फोन पोटावर होता. तो वाजू लागला. पुतळाबाई उठल्या, हात पदराला पुसला आणि फोन उचलला.

"शौनक सर?"

"तो झोपलाय."

"अर्जंट आहे मॅडम. कधी उठतील?"

"उठेल तेव्हा," पुतळाबाई म्हणाल्या. पेशंटच्या चिडलेल्या नातेवाइकांशी ज्या आवाजात बोलत, त्याच आवाजात. मग फोन कसा बंद करायचा ते त्यांनी शोधून काढलं आणि तो खिडकीच्या फळीवर ठेवला. आपण मुलाचं नुकसान करत असू, हे त्यांना कळत होतं. तरी त्यांनी तो पुन्हा चालू केला नाही.

ऊन कलू लागलं. जवळ्याचा ढीग एका बाजूनं उतरला, दुसऱ्या बाजूनं चढला. इतक्या वर्षांत गिरजाबाईनं त्या पहिल्या मुलाचं नाव काढलं नव्हतं. त्या दिवशी झोपलेल्या शौनककडे बघत ती एकदम म्हणाली,

"तुज्या देवाचा पोर त्याच दिवशी झाला, ना गो?"

"हो."

"गोठ्यान?"

"गोठ्यातच."

"जगला तो?"

पुतळाबाईंनी वेचलेला जवळा बाजूला सारला. "तेहतीस वर्षांचा होईपर्यंत," त्या म्हणाल्या. "मग त्याला मारला."

"आनि आई होती त्याची?"

"होती. तिथेच उभी होती."

गिरजाबाईनं बोटाला लागलेला एक बारीक खडा उडवून दिला. "अरे देवा," ती म्हणाली, शेजारच्या घरातली बातमी ऐकावी तशी. दोघींनी उरलेला जवळा वेचून पिशवीत भरला.

शौनक जागा झाला तेव्हा अंगणात सावली आली होती. तो दचकून फोन शोधू लागला. फोन बंद बघितल्यावर त्याचा चेहरा उतरला, आईकडे बघून त्यानं काहीतरी बोलायला ओठ हलवले, पण गिरजाबाई चहा घेऊन पुढ्यात उभी होती, गुडघ्यांवर हात देत कशीबशी उठलेली. त्यानं कप घेतला.

परतीच्या वाटेवर तो फोनवर माफी मागत होता. संध्याकाळचा शो बर्फाशिवाय झाला होता. पोरांनी सांताभोवती गर्दी केली, फोटो काढले आणि ती घरी गेली, असं त्याचा माणूस सांगत होता. क्लायंट मात्र चिडला तो चिडलाच. पुढच्या वर्षीचं त्या मॉलचं काम दुसऱ्या कंपनीला गेलं. दोन दिवस शौनक आईशी धड बोलला नाही. पुतळाबाईंनी समजूत घातली नाही आणि माफीही मागितली नाही. तिसऱ्या दिवशी तोच स्वयंपाकघराच्या दाराशी कुबडी टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "काही कर, पण जेवायला बोंबील कर."

धंदा त्यानं सोडला नाही. सोडण्यासारखं काही झालंही नव्हतं, आणि त्याला ते काम येत होतं. पुढच्या डिसेंबरातही घरात आल्प्सऐवजी दुसऱ्याच कुठल्या थंड मुलखाचं नाव ऐकू आलं. एवढंच की पंचवीस तारखेला त्यानं स्वतःच्या जागी दुसरा माणूस नेमला.

सकाळी पुतळाबाई उपासनेला निघाल्या तेव्हा तो झोपला होता. त्यांनी उठवलं नाही. गाणी झाली, पाळकसाहेबांचा उपदेश सुरू झाला, तेव्हा हॉलच्या मागच्या दाराचा आवाज झाला. शौनक आला होता, केस ओले, शर्ट बिनइस्त्रीचा. शेवटच्या रांगेत खुर्ची ओढून बसला. उपदेशाच्या मध्येच त्याचा फोन थरथरला, तसा तो उठून बाहेर गेला. पुतळाबाई पुढे बघत बसल्या.

शेवटचं गीत उभं राहून म्हणायचं होतं. मंडळी उठली. तेव्हा तो परत आत आला आणि या वेळी मागे न थांबता सरळ त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला. पुतळाबाईंनी पुस्तक दोघांना दिसेल असं मध्ये धरलं. शौनकला शब्द वाचता येत होते, चाल आठवत नव्हती. तो अर्ध्या ओळीनं मागे राहून गात होता.